मिटलेले मृदू प्रवाळ : घाईने उपचार करण्याआधी काय पाहावे

पुण्यातील माझ्या १८० लिटरच्या सागरी टाकीत छत्रीच्या आकाराचे एक लेदर कोरल, म्हणजे चामड्यासारख्या अंगाचे मृदू प्रवाळ, आहे. मे महिन्यातील एका सकाळी ते पूर्ण मिटलेले दिसले. एरवी टोपीवर गवतासारखे डोलणारे सगळे पॉलिप (प्रवाळाचे फुलासारखे छोटे जीव) आत ओढले गेले होते, टोपीची कड खाली मुरडली होती आणि कातडीसारख्या पृष्ठभागावर मेणचट चकाकी आली होती. चौथ्या दिवशी मी त्याची जागा बदलली, पाचव्या दिवशी दिव्याचा प्रकाश वाढवला, सहाव्या दिवशी पाण्यात आयोडीन घातले आणि सातव्या दिवशी त्याला पुन्हा जुन्या जागी आणले. नवव्या दिवशी टोपीच्या एका कडेला दुधावरच्या सायीसारखा पातळ पापुद्रा सुटून लोंबकळू लागला, तेव्हा कळले की प्रवाळ आजारी नव्हतेच. ते आपली बाहेरची जुनी कात टाकत होते, आणि माझ्या धावपळीने त्याचे काम फक्त लांबले होते. पूर्ण उमलायला त्याला सोळा दिवस लागले.

नवख्या पाळणाऱ्याच्या हातून मृदू प्रवाळ दगावते, ते बहुतेक वेळा मूळ कारणापेक्षा लागोपाठ केलेल्या उपायांमुळे, असे माझे अनेक वर्षांच्या अनुभवातून बनलेले मत आहे. म्हणून पुढील पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी पाहावे, मग मोजावे, मग एकच गोष्ट बदलावी आणि तिचा परिणाम दिसेपर्यंत दुसरीला हात लावू नये.

आपल्याकडे नेमके काय आहे?

मृदू प्रवाळाच्या प्रत्येक पॉलिपला आठ शुंडके असतात आणि त्यांना पिसासारख्या बारीक शाखा असतात. अश्म प्रवाळासारखा दगडी सांगाडा त्यांना नसतो. त्याऐवजी मांसल शरीरात कॅल्शियम कार्बोनेटच्या सूक्ष्म सुया विखुरलेल्या असतात. घरगुती टाकीत सहसा दिसणाऱ्या बहुतेक जातींच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते आणि प्रवाळाचे बरेचसे पोषण या शैवालाच्या प्रकाशसंश्लेषणातून होते. छत्रीसारखे सारकोफायटॉन, बोटांसारखे सिन्युलेरिया, झाडासारखे केनिया ट्री, हिरव्या चटईसारखे ग्रीन स्टार पॉलिप आणि उघडझाप करणारे झेनिया ही सगळी या गटातली आहेत. मशरूम आणि झोअँथिड या प्रवाळांनाही दुकानात सॉफ्ट कोरल म्हणूनच विकतात. शास्त्रीय वर्गीकरणात ते वेगळ्या गटात मोडतात, तरी पाण्याच्या तपासणीपुरता हा लेख त्यांनाही लागू पडतो.

डेंड्रोनेफ्थिया या गुलाबी-केशरी, अतिशय देखण्या प्रवाळाचे मात्र वेगळे आहे. त्याच्या शरीरात शैवाल नसते, त्यामुळे ते प्रकाशावर जगूच शकत नाही आणि सतत तरंगते सूक्ष्म अन्न न मिळाल्यास काही आठवड्यांत आकसून मरते. आपल्याकडे हे प्रवाळ असेल आणि ते दिवसेंदिवस लहान होत असेल, तर तो बहुधा उपासमारीचा परिणाम असतो. नवख्याने ते विकत घेऊच नये, असा माझा आग्रह आहे.

दगावलेल्या प्रवाळाच्या जागी किनाऱ्यावरून दुसरे आणावे, असा विचारही कोणी करू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत अश्म प्रवाळांबरोबर सी-फॅन आणि ऑर्गन पाइप कोरल यांचाही समावेश आहे, आणि हे दोन्ही मृदू प्रवाळांच्याच कुळातले आहेत. मालवणच्या खडकाळ पाण्यात बुडी मारल्यावर जे दिसते ते तिथेच राहिले पाहिजे. टाकीसाठी टाकीत वाढवलेल्या प्रवाळाचा कापलेला तुकडा, कायदेशीर खरेदीच्या पावतीसह घ्यावा.

पहिली पायरी : एक दिवस फक्त पाहणे

प्रवाळ मिटलेले दिसले की पाण्यात हात न घालता सकाळी, दुपारी, दिवे बंद झाल्यावर आणि रात्री उशिरा असे चार वेळा त्याचे निरीक्षण करावे. प्रत्येक वेळी एकाच अंतरावरून एक छायाचित्र घ्यावे. आठवणीवर विसंबल्यास आपली काळजी प्रत्येक वेळी प्रवाळाला आदल्या दिवशीपेक्षा लहान दाखवते. छायाचित्रे खरे सांगतात.

मिटणे हे एकच लक्षण वेगवेगळ्या जातींत वेगवेगळा अर्थ सांगते. सारकोफायटॉन आणि सिन्युलेरिया यांसारखी लेदर कोरले ठरावीक काळाने मिटतात आणि पृष्ठभागावर साचलेले शैवाल व गाळ मेणचट पापुद्र्यासह टाकून देतात. याला दोन-तीन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो आणि या काळात देठ ताठ व घट्ट राहिला असेल, तर काळजीचे कारण नाही. केनिया ट्रीने फांद्या गाळल्या तर ती त्याची वंशवृद्धीची रीत असते, कारण प्रत्येक फांदी जिथे पडेल तिथे चिकटून नवे प्रवाळ होते. ग्रीन स्टार पॉलिपवरून गोगलगाय सरकत गेली तरी पूर्ण चटई मिटते आणि काही तासांत पुन्हा उमलते, मात्र ती आठवडाभर मिटून राहिली आणि जांभळ्या चटईवर शैवाल धरू लागले तर लक्ष घालावे. झेनियाला मात्र फार वेळ देता येत नाही. त्याची उघडझाप मंदावून देठ लोंबू लागले, तर एका रात्रीत ते विरघळून गेलेले मी पाहिले आहे. मशरूमचे तोंड दिवसभर सताड उघडे राहणे आणि त्यातून पांढरे धागे बाहेर येणे हेही खऱ्या संकटाचे चिन्ह समजावे.

वाट पाहू नये अशी लक्षणे थोडीच आहेत. देठावर किंवा टोपीवर काळपट अथवा पांढरट मऊ डाग पडून तो रोज पसरणे, मांस झडून खड्डा पडणे, तपकिरी चिकट जेलीसारखा थर दिसणे आणि दुर्गंधी येणे. वासाबाबत नवख्यांचा नेहमी गोंधळ होतो, कारण निरोगी लेदर कोरलही पाण्याबाहेर काढल्यावर उग्र वास देते. तो वास तीव्र आणि औषधी असतो, तर सडण्याचा वास नासक्या अंड्याचा किंवा कुजलेल्या मासळीचा असतो. एकदा दोन्ही वास घेतले की पुन्हा गल्लत होत नाही. सडण्याची खूण दिसल्यास मधल्या पायऱ्या नंतरसाठी ठेवून लगेच अमोनिया मोजावा आणि शेवटच्या पायरीकडे वळावे.

दुसरी पायरी : पाणी मोजणे

सर्वांत आधी तापमान आणि क्षारता मोजावी, कारण आपल्याकडच्या उन्हाळ्यात बहुतेक घोटाळे याच दोन ठिकाणी होतात.

मृदू प्रवाळांना २४ ते २६ अंश सेल्सिअस तापमान मानवते. २७ पर्यंत ती निभावून नेतात, पण पारा २९-३० वर जाऊन तिथे अनेक दिवस राहिला तर पेशींतील शैवालाशी असलेले नाते तुटते आणि प्रवाळ फिके पडते. शिवाय कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे रात्री सगळ्याच जीवांचा कोंडमारा होतो. चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) नसल्यास पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावावा, त्याने बाष्पीभवन होऊन पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. पुणे, नाशिक, नागपूर यांच्या कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय चांगला लागू पडतो, मुंबई-कोकणच्या दमट हवेत मात्र त्याचा परिणाम फारच कमी होतो आणि तिथे चिलर किंवा खोलीतील वातानुकूलन यांना पर्याय राहत नाही.

पंखा लावला की पाणी उडते आणि क्षार मागे राहतात, हे समजून घ्यावे. माझ्या टाकीत मे महिन्यात रोज सुमारे चार लिटर पाणी उडते. तीन दिवस वरून पाणी घातले नाही, तर १८० लिटरचे १६८ लिटर होतात आणि ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार) क्षारता ३७.५ वर पोहोचते. चौथ्या दिवशी लक्षात आल्यावर बारा लिटर गोडे पाणी एकदम ओतणे म्हणजे प्रवाळाला दुसरा धक्का देणे होय. क्षारता दिवसाला एक पीपीटीपेक्षा जास्त हलवू नये. ३५ पीपीटी म्हणजे विशिष्ट घनता साधारण १.०२६, आणि १.०२५ ते १.०२६ यांच्या दरम्यान कुठेही ती स्थिर राहिली तरी पुरे. उडालेल्या पाण्याच्या जागी नेहमी गोडे शुद्ध पाणीच घालावे, खारे कधीही नाही. काट्याच्या स्वस्त हायड्रोमीटरवर बुडबुडे चिकटून आकडा चुकतो, म्हणून रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वक्रीभवनावरून क्षारता दाखवणारे उपकरण) वापरावा आणि तोही ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणाने महिन्यातून एकदा जुळवून घ्यावा.

शुद्ध पाण्याबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण इथे फसगत होते आणि ती महिनोन् महिने लक्षात येत नाही. स्वयंपाकघरातल्या आरओ यंत्राचे पाणी टाकीसाठी योग्य असेलच असे नाही. अनेक घरगुती यंत्रांत चवीसाठी थोडे मूळ पाणी परत मिसळणारी कळ असते, काहींत खनिजे घालणारी नळी असते आणि अलीकडे तर पिण्याच्या पाण्यात तांबे सोडणारी नळीही बसवलेली मिळते. माणसाला जे चालते ते तांबे प्रवाळ, कोळंबी आणि गोगलगायी यांना विष आहे. त्याच कारणाने तांब्याच्या हंड्यात किंवा कळशीत साठवलेले पाणीही टाकीला वापरू नये. एका उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत टँकरचे पाणी येऊ लागले आणि माझी मशरूम हळूहळू आकसू लागली. टाकीतले सगळे आकडे ठीक होते, म्हणून मी दोन आठवडे प्रकाशाला दोष देत राहिलो. शेवटी वरून घालायच्या पाण्यात टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारा) बुडवला तर त्याने १४० दाखवले, कारण मिसळणारी कळ उघडी होती. सागरी टाकीसाठी आरओनंतर उरलेले क्षार शोषणारी डीआय रेझिनची नळी हवी आणि मीटरवर शून्य दिसले पाहिजे. विकत पाणी आणत असल्यास प्रत्येक कॅनमध्ये मीटर बुडवून पाहावा.

यानंतर टेस्ट किट काढावे. अमोनिया आणि नायट्राइट शून्य असलेच पाहिजेत. अमोनिया आढळल्यास दुसरे काहीही शोधण्याआधी खडकांमागे मेलेला मासा किंवा गोगलगाय आहे का, ते पाहावे. अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पेलण्याची क्षमता, डीकेएच या एककात मोजतात) ८ ते ९ डीकेएचच्या आसपास, कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) आणि पीएच ८.१ ते ८.४ हे नेहमीचे लक्ष्य असते. मृदू प्रवाळांना कॅल्शियमच्या नेमक्या आकड्याचे फारसे सोयरसुतक नसते, पण अल्कलिनिटी एका दिवसात एक डीकेएचपेक्षा जास्त बदलली तर ती मिटतात. दारे-खिडक्या बंद करून रात्रभर वातानुकूलन चालवले तर खोलीत कार्बन डायऑक्साइड साचून पाण्याचा पीएच उतरतो. अशा वेळी पीएच वाढवणारी बाटली ओतण्यापेक्षा दिवसातून दोनदा खिडकी उघडणे श्रेयस्कर.

नायट्रेट ५ ते १५ आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम असले तर मृदू प्रवाळे सुखी असतात. पाणी जितके निर्मळ तितके चांगले, हा नवख्यांचा एक मोठा गैरसमज आहे. फॉस्फेट शोषणारी रसायने आणि मोठा स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारे यंत्र) लावून दोन्ही आकडे शून्यावर नेले, की लेदर कोरले फिकी पडून लहान होत जातात, कारण पाण्यात विरघळलेली पोषकद्रव्ये हेच त्यांचे खाणे असते. अशा टाकीत फॉस्फेट शोषक काढून ठेवावा आणि माशांना थोडे जास्त खाद्य द्यावे. दोन-तीन आठवड्यांत रंग परत येताना दिसतो.

आकडे चुकीचे आढळले तर उपाय बहुधा एकच असतो. दहा ते पंधरा टक्के पाणी बदलावे, तेही चोवीस तास आधी मिसळून, फिरते ठेवून, तापमान आणि क्षारता जुळवून. एका वेळी निम्मे पाणी बदलणे हा उपचार प्रवाळाला आजारापेक्षा जड जातो.

तिसरी पायरी : घरातील विषे शोधणे

पाण्याचे सगळे आकडे बरोबर असूनही टाकीतील अनेक प्रवाळे एकाच वेळी मिटली, तर टेस्ट किटने न कळणारे काहीतरी पाण्यात शिरले आहे, असे समजावे. आपल्या घरांत पहिला संशय डास मारण्याच्या साधनांवर घ्यावा. वड्या, द्रवाच्या बाटल्या आणि फवारे यांत पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके असतात. ती माशांना आणि अपृष्ठवंशीय जीवांना अत्यंत घातक असतात. हवेचा पंप किंवा स्किमर खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात मिसळत असल्याने ही वाफ टाकीत पोहोचते. टाकीच्या खोलीत ही साधने वापरूच नयेत. पेस्ट कंट्रोल करून घ्यायचे असल्यास टाकी झाकावी, हवेचे पंप त्या वेळेपुरते बंद ठेवून पाण्याची हालचाल वेव्हमेकरवर (टाकीत प्रवाह निर्माण करणाऱ्या पंपावर) चालू ठेवावी आणि खोली पूर्ण हवेशीर झाल्यावरच पंप सुरू करावेत. फिनाइलने फरशी पुसलेला हात, अंगाला लावलेले डास पळवणारे मलम आणि धूप-उदबत्तीचा दाट धूर यांचाही विचार करावा.

दुसरा संशय तांब्यावर घ्यावा. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरील अनेक औषधांत तांब्याचे क्षार, म्हणजे आपल्या ओळखीचे मोरचूद, असतात. असे औषध प्रवाळांच्या टाकीत एकदाही घालू नये. त्या औषधात पूर्वी ठेवलेले खडकही वापरू नयेत, कारण ते तांबे धरून ठेवतात आणि हळूहळू सोडतात. तिसरा संशय गंजावर घ्यावा. काच घासण्याचा चुंबक आणि वेव्हमेकरचा चुंबक बाहेर काढून त्यावरील प्लास्टिकला चीर पडली आहे का, तांबूस डाग आले आहेत का, हे बोटाने चाचपून पाहावे.

कोणताही संशय आला तरी ताजा सक्रिय कार्बन लावणे निर्धोक आहे. १८० लिटरच्या टाकीला एक मोठी वाटी कार्बन शुद्ध पाण्यात काळे पाणी यायचे थांबेपर्यंत धुवावा, जाळीच्या पिशवीत भरून प्रवाहात ठेवावा आणि अशा प्रसंगी आठवड्याने बदलावा. तांब्यासाठी मात्र तांबे शोषणारे वेगळे माध्यम लागते, नुसत्या कार्बनवर विसंबू नये.

चौथी पायरी : शेजारी आणि उपद्रवी जीव

मृदू प्रवाळांना काटे नाहीत, कवच नाही, म्हणून ती रसायनांनी आपला बचाव करतात. सारकोफायटॉनमधील सारकोफायटॉक्साइड आणि सिन्युलेरिया फ्लेक्सिबिलिसमधील फ्लेक्सिबिलाइड ही टर्पीन वर्गातील द्रव्ये आसपासच्या पाण्यातही सापडली आहेत. समुद्रात ती वाहून जातात, पण आपल्या दोनशे लिटरच्या टाकीत ती साचत जातात. दोन मोठी लेदर कोरले एकमेकांना खेटून असतील किंवा त्यांच्या प्रवाहाच्या पुढे ठेवलेले एखादे प्रवाळ आठवड्यांमागून आठवडे कोमेजत असेल, तर दोघांत किमान वीतभर अंतर ठेवावे आणि कार्बन दर तीन-चार आठवड्यांनी नियमाने बदलत राहावा. लेदर कोरल कात टाकते तेव्हा आणि ते कापले जाते तेव्हा कार्बन हमखास ताजा असावा.

रात्री दिवे बंद झाल्यावर दोन तासांनी टॉर्चच्या क्षीण उजेडात प्रवाळाचा देठ, टोपीची खालची बाजू आणि खडकाशी जुळलेला तळ नीट पाहावा. ट्रायटोनिऑप्सिससारख्या समुद्री गोगलगायी लेदर कोरलावरच जगतात आणि त्यांचा रंग प्रवाळाशी इतका मिळताजुळता असतो, की अंगावरच्या फांदीदार झालरी हलल्याशिवाय त्या दिसत नाहीत. त्यांनी कुरतडलेल्या जागी उथळ पांढरे चर दिसतात आणि जवळपास अंड्यांची वळसे घेतलेली पांढरी फीत आढळते. झोअँथिडच्या वसाहतीत चपट्या शंखाची, काळ्या-पांढऱ्या चौकड्यांची हेलिॲकस गोगलगाय शोधावी. केसाळ ब्रिसल वर्म मात्र बहुतेक वेळा निर्दोष असतो. तो आधीच कुजलेले मांस खायला आलेला असतो आणि त्याला मारून काही साधत नाही. दिवसा माशांवर नजर ठेवावी. एंजलफिश आणि बटरफ्लायफिश पॉलिप टोचतात, तर समुद्रफूल नसलेल्या टाकीतील क्लाउनफिशची जोडी लेदर कोरललाच घर मानून त्यात सतत अंग घुसळते. या त्रासाने प्रवाळ काही दिवस मिटते, पण बहुधा सरावते.

पाचवी पायरी : प्रवाह आणि प्रकाश

जागा योग्य आहे की नाही, हे प्रवाळच सांगते. वाऱ्याच्या झुळुकीने भाताची रोपे जशी पुढे-मागे डोलतात, तसे पॉलिप डोलले पाहिजेत. सगळे पॉलिप एकाच दिशेला वाकून राहिले असतील, तर वेव्हमेकरची थेट धार लागते आहे. टोपीवर गाळ बसून राहत असेल, तर प्रवाह कमी पडतो आहे. कात टाकणाऱ्या लेदर कोरलला पापुद्रा वाहून नेणारा मध्यम, बदलता प्रवाह लागतो. अशा वेळी प्रवाळ हलवण्यापेक्षा वेव्हमेकरचे तोंड थोडे वळवावे. पापुद्रा बोटांनी ओढून काढू नये, फार तर मोठ्या सिरिंजने त्यावर पाण्याचा हलका झोत सोडावा.

प्रकाशाबाबत सर्वाधिक नुकसान नवीन एलईडी दिवा पहिल्याच दिवशी पूर्ण तेजाने लावल्यामुळे होते. बहुतेक लेदर कोरलांना ५० ते १५० पार (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी प्रकाशाचे माप) प्रकाश पुरतो, मशरूमना त्याहूनही कमी. नवा दिवा किंवा नवे प्रवाळ आणल्यास निम्म्या किंवा त्याहून कमी तेजापासून सुरुवात करून तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावे. जास्त प्रकाशाने प्रवाळ फिकट पांढरे होत आकसते, तर कमी प्रकाशाने ते गडद तपकिरी होत देठ लांबवून दिव्याकडे वाकते. दिवसाला आठ ते दहा तास प्रकाश पुरेसा आहे आणि तो रोज त्याच वेळी सुरू-बंद होण्यासाठी टायमर लावावा. जागा किंवा प्रकाश बदलला, की किमान सात दिवस दुसरे काहीही बदलू नये.

सहावी पायरी : डिप (औषधी पाण्यात बुडवणे) आणि कापणी

उपद्रवी जीव सापडले किंवा सडण्याची सुरुवात झाली असेल, तरच प्रवाळ बाहेर काढावे. कामाला लागण्यापूर्वी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा घालावा. झोअँथिडच्या कुळातील पॅलिथोआ या प्रवाळात पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असू शकते. १९७१ मध्ये हवाई बेटांवरील पॅलिथोआपासूनच ते प्रथम वेगळे करण्यात आले. अशी प्रवाळे असलेला खडक कधीही उकळू नये, त्यावर गरम पाणी ओतू नये, पाण्याबाहेर ब्रशने घासू नये. हातावर जखम असेल तर त्या दिवशी काम पुढे ढकलावे.

एका टबात टाकीचेच पाणी घेऊन त्यात प्रवाळांसाठीचे आयोडीन डिप बाटलीवरील प्रमाणात मिसळावे. पाण्याला फिक्या चहाचा रंग येतो. प्रवाळ त्यात दहा मिनिटे ठेवून सिरिंजने सर्व बाजूंनी हलके झोत मारावेत, म्हणजे चिकटलेले जीव सुटून तळाशी पडतात. मग टाकीच्या पाण्याच्या दुसऱ्या टबात ते खंगाळून टाकीत परत ठेवावे. डिपचे पाणी पुन्हा टाकीत जाता कामा नये. अंडी डिपने मरत नाहीत, त्यामुळे ती चिमट्याने खरवडून काढावीत आणि आठवड्याच्या अंतराने डिप आणखी दोन-तीनदा करावे. हेच आयोडीन टाकीत अंदाजाने ओतण्याची प्रथा मात्र टाळावी. समुद्राच्या पाण्यात ते अवघे ०.०६ पीपीएम असते, आणि मोजल्याशिवाय घातलेले थेंब सहज त्याच्या कित्येक पट होतात.

सड पसरत असल्यास कापण्याला पर्याय नाही. पहिल्यांदा लेदर कोरलवर पाते ठेवताना हात थरथरतो, तरी हे काम दिसते तितके अवघड नाही. नवे, धारदार पाते घ्यावे आणि सडलेल्या भागाच्या कडेवर न कापता निरोगी मांसात साधारण एक सेंटिमीटर आत एकाच सरळ फटक्यात कापावे. कापलेला पृष्ठभाग घट्ट आणि एकसारखा फिकट दिसला पाहिजे. त्यात तपकिरी रेषा किंवा मऊपणा दिसला तर आणखी आत कापावे. मग दहा मिनिटांचे डिप द्यावे. लेदर कोरलच्या अंगावरील चिकट स्रावामुळे सुपरग्लू धरत नाही आणि एका रात्रीत तुकडा सुटून कुठेतरी खडकामागे जाऊन पडतो, म्हणून तो छोट्या खडकावर ठेवून कीटकनाशक न लावलेल्या साध्या नायलॉन जाळीने सैलसर बांधावा, किंवा देठातून आडवी लाकडी टूथपिक घालून तिची दोन टोके रबरबँडने खडकाला अडकवावीत. रबर घट्ट आवळले तर ते मांस कापत जाते. मंद प्रवाहात आणि कमी प्रकाशात दोन-तीन आठवड्यांत तुकडा धरतो. पुढचे तीन दिवस रोज अमोनिया मोजावा आणि कार्बन ताजा ठेवावा.

खडकावर उरलेला देठ निरोगी असेल तर तो मेला असे समजून काढून टाकू नये. सुरुवातीला सांगितलेले माझे लेदर कोरल दोन वर्षांनी एका लांबलेल्या वीजकपातीनंतर टोपीपासून सडू लागले आणि मला त्याची पूर्ण टोपी कापावी लागली. टोपीचे दोन निरोगी तुकडे मी वेगळे बांधले, त्यांपैकी एक जगला. खडकावर करंगळीएवढा बोडका देठ राहिला होता. तीन आठवड्यांत त्याची जखम गुळगुळीत भरून आली, पाचव्या आठवड्यात वरच्या कडेला मोहरीएवढे उंचवटे दिसू लागले आणि सातव्या आठवड्यात त्यांतून आठ शुंडकांचा पहिला पॉलिप बाहेर आला.